वाक्यशुद्धीत २० पैकी १८, स्वतःच्या निबंधात ४१ चुका: एका विद्यार्थिनीचं प्रकरण

मी मराठी लेखनाच्या शिकवण्या घेते, बहुतेक मोठ्या माणसांच्या. हे प्रकरण त्यातल्या एकीचं आहे. तिला विचारूनच लिहितेय, नाव-गाव-ऑफिस काही देत नाही, नुसतं 'ती' म्हणते. वाक्यं शुद्ध करायचा सराव करणारे खूपजण आहेत, करून घेणारेही आहेत, आणि हा सराव कुठे फळतो नि कुठे नुसता गुण देऊन जातो हे मला तिच्यामुळे कळलं. म्हणून जरा सविस्तर.

पार्श्वभूमी

ती आली तेव्हा नोकरीला चार वर्षं झालेली. ऑफिसातली पत्रं, टिपणं, अहवाल सगळं तिच्याच हातून जायचं. बढतीसाठी खात्याची परीक्षा होती, त्यात मराठीचा पेपर हाताने लिहायचा, एक निबंध, एक पत्र, एक सारांश, आणि २० गुणांचा 'खालील वाक्ये शुद्ध करून लिहा' हा प्रश्न. हाताशी १४ आठवडे होते.

अभ्यासात ती कच्ची अजिबात नव्हती. माझ्याकडे यायच्या आधी दोन महिने तिने वाक्यशुद्धीचं एक पुस्तक घेऊन रोज २० वाक्यं सोडवलेली, मागची उत्तरं बघून स्वतःच तपासलेली, रोज १७-१८ बरोबर. वही इतकी नीटनेटकी की बघत राहावं. मग अडलं कुठे, तर ऑफिसात. तिचे कच्चे मसुदे साहेबांकडून लाल होऊन परत यायचे. ती म्हणाली, "ताई, पुस्तकातल्या चुका मला दिसतात, माझ्या मला दिसत नाहीत." पहिल्याच भेटीत तिने सगळं सांगून टाकलं होतं, मला मात्र ते समजायला तीन आठवडे लागले.

अडचण नेमकी काय होती

पहिल्या दिवशी मी तिच्याकडून काही लिहून घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. वही बघितली, गुण बघितले, आणि वाटलं की पाया चांगलाय, अवघड वाक्यं दिली की झालं. दोन आठवडे मी अवघड वाक्यंच देत राहिले आणि ती सोडवत राहिली.

तिसऱ्या आठवड्यात निबंध लिहायला सांगितला, साधारण ३०० शब्दांचा. त्यात ४१ चुका निघाल्या. मी बसून त्यांची विभागणी केली. १६ ऱ्हस्व-दीर्घाच्या, ९ विरामचिन्हांच्या, ७ ठिकाणी शब्दयोगी अव्यय तोडून लिहिलेलं ('घरा समोर', 'कामा मुळे', 'शाळे मध्ये'), ५ जोडाक्षरांच्या आणि फक्त ४ वाक्यरचनेच्या. आता तिचं पुस्तक उघडून बघितलं तर तिथे बहुतेक वाक्यं रचनेचीच. लिंग-वचन चुकलेलं, प्रयोग चुकलेला, एकच अर्थ दोनदा आलेला, विशेषण भलत्या जागी पडलेलं ('जुन्या मुलांच्या वह्या' असलं). म्हणजे दोन महिने जी चूक ती फारशी करतच नव्हती तिचा सराव चालला होता, आणि जी दर ओळीत करत होती ती त्या पुस्तकात जवळपास नव्हतीच.

बरं, रचनेचं तरी पक्कं झालं होतं का? त्याच दिवशी सकाळी तिने पुस्तकातलं 'त्याने माझी मदत केली' हे वाक्य बरोबर दुरुस्त करून 'त्याने मला मदत केली' असं लिहिलेलं, आणि संध्याकाळच्या निबंधात तिसऱ्या परिच्छेदात सरळ 'गावकऱ्यांनी त्यांची मदत केली'. दोन्ही कागद मी शेजारी-शेजारी ठेवले. ती बराच वेळ काही बोललीच नाही.

मग मला ते शीर्षक दिसलं. तिच्या वहीच्या प्रत्येक पानावर वर, निळ्या शाईत, खाली पट्टीने रेघ मारून लिहिलेलं असायचं: 'वाक्य शुध्द करा'. ध आधी, द नंतर. हवं 'शुद्ध', म्हणजे आधी द अर्धा, त्याला ध जोडलेला. 'बुद्धी', 'प्रसिद्ध', 'युद्ध', सगळीकडे तेच. दोन महिने रोज एकदा तरी तिने तो शब्द चुकीचा लिहून हात पक्का केला होता, आणि मी तीन आठवडे त्याच पानांवर टिक करत होते, कारण मी शीर्षकाखालची वाक्यं तपासत होते, शीर्षक नाही. तीही तसंच करत होती. जिथे चूक आहे असं सांगितलंय तिथेच नजर जाते, बाकीचं पान आपोआप बरोबर धरलं जातं.

एक छोटी चाचणी

तरी खात्री करायची म्हणून मी तिला दहा वाक्यं दिली आणि सांगितलं नाही की त्यातली चार मुळातच बरोबर आहेत. तिने दहाच्या दहा 'दुरुस्त' केली. त्या चारचं काय झालं ते सांगते, कारण सगळं प्रकरण त्यात आहे.

'नेतृत्व' चं तिने 'नेतृत्त्व' केलं. का विचारलं तर म्हणाली, "महत्त्व मध्ये दोन त असतात ना." असतातच, पण ते का असतात हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. महत् + त्व म्हणून महत्त्व, तत् + त्व म्हणून तत्त्व, सत् + त्व म्हणून सत्त्व, व्यक्तिमत् + त्व म्हणून व्यक्तिमत्त्व, एक त आधीच्या शब्दाचा आणि एक 'त्व' चा. नेतृ + त्व, कर्तृ + त्व, अस्ति + त्व यांच्यात आधीच्या शब्दाला त नाहीच, मग दुसरा त येणार कुठून? पाठ केलेली दुरुस्ती बरोबर शब्दावर जाऊन बसली होती.

'गरिबांना' चं तिने 'गरीबांना' केलं, कारण गरीब मध्ये दुसरी वेलांटी. 'सूत्राने' चं 'सुत्राने' केलं, कारण 'फूल-फुलाने' तिने कुठेतरी वाचलं होतं. आणि 'तो कधी येणार हे मला माहीत नाही.' या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिलं, 'कधी' दिसला म्हणून.

चारही ठिकाणी तिने एकच केलं, जे दिसतंय ते उलटं केलं. पहिली वेलांटी असेल तर दुसरी, एक त असेल तर दोन. पुस्तकात प्रत्येक वाक्यात चूक असतेच, त्यामुळे उलटं केलं की बहुतेक वेळा गुण मिळतात. १८ गुण तिथून येत होते.

समोर असलेले पर्याय

एक, नियम पहिल्यापासून शिकवायचे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ आले, असे १८. आकडा ऐकून वाटतं की महिन्याभरात होईल, पण एकेका नियमात पोटनियम आणि अपवाद आहेत आणि पाठ केलेला नियम लिहिताना आठवत नाही हे मी आधी दोनतीन जणांच्या बाबतीत बघितलेलं. शिवाय तिच्या चुका सगळ्या नियमांमध्ये सारख्या विखुरलेल्या नव्हत्याच.

दोन, तेच पुस्तक चालू ठेवायचं. परीक्षेत २० गुणांचा प्रश्न तसाच येणार होता म्हणून हा पर्याय तिला सोडवत नव्हता, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

तीन, रोज श्रुतलेखन आणि उतारे उतरवून काढणं. हे मला मनापासून पटतं, हाताला बरोबर शब्दाची सवय लागते. पण नोकरी सांभाळून तिला दिवसाला मिळायचा तासभर, त्यात हे एकटंच बसलं असतं.

चार, तिचंच लिखाण घ्यायचं आणि त्यातलीच वाक्यं दुरुस्त करायला द्यायची. यात माझं काम वाढत होतं. दर आठवड्याला तिचे मसुदे वाचा, वाक्यं निवडा, कागद तयार करा.

फोनवरच्या शुद्धलेखन तपासणीचाही विषय निघाला. परीक्षा हाताने लिहायची म्हणून तो तिथेच संपला, पण तसा संपला नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. दोन्ही शब्द कोशात आहेत, मशीन कशाखाली लाल रेघ मारणार?

आम्ही चौथा धरला, त्यात तिसऱ्यातला थोडा भाग घेतला (आठवड्यातून दोनदा श्रुतलेखन, दहा मिनिटं), आणि पुस्तक शेवटच्या तीन आठवड्यांसाठी राखून ठेवलं. या घडीला मला अजूनही वाटतं की निर्णय बरोबर होता. करताना मात्र बरंच चुकलं.

काय केलं, आणि कुठे उलटलं

पहिली गोष्ट, चुकांची वही. मी तिला सांगितलं की डावीकडे लाल शाईत चुकलेला शब्द लिही आणि उजवीकडे निळ्या शाईत बरोबर. खूप ठिकाणी असंच करतात, मीही तसंच शिकले. दोन आठवड्यांनी ती म्हणाली, "ताई, आता मला दोन्ही बरोबर वाटायला लागलेत." वही चाळली तर तिचं म्हणणं अगदी खरं. 'आर्शिवाद' आणि 'आशीर्वाद', 'उज्वल' आणि 'उज्ज्वल', 'परंतू' आणि 'परंतु', दोन्ही रूपं सारख्याच सुंदर अक्षरात, सारख्याच वेळा लिहिलेली, आणि लाल शाई डोळ्यात जास्त भरते. डोळ्यासमोर काय राहणार?

त्या दिवशी वही बदलली. चुकलेलं रूप लिहायचंच नाही. फक्त बरोबर रूप, त्याच्यापुढे एका ओळीत कारण, आणि त्या शब्दाचं स्वतःचं एक नवं वाक्य. कारण सुचलं नाही तर जागा मोकळी सोडायची आणि मला विचारायचं. मोकळ्या जागा सुरुवातीला खूप असायच्या आणि मला त्याच सगळ्यात उपयोगी वाटायच्या, कारण ती कुठे अंदाजाने लिहितेय हे त्यातून समजायचं.

दुसरी गोष्ट, एकेका आठवड्याला एकच प्रकार. पहिला आठवडा शेवटून दुसऱ्या अक्षराचा. गरीब पण गरिबाला, वकील पण वकिलाने, बहीण पण बहिणीला, दूध पण दुधात. 'चूक' हा शब्दच बघा, चूक दीर्घ, चुका ऱ्हस्व, चुकीचं ऱ्हस्व. शब्दाला प्रत्यय लागायच्या आधी जो बदल होतो त्यात हा ऱ्हस्व होतो. हे तिला एका दिवसात कळलं. मग अपवाद आला, की संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत, शरीर-शरीराला, सूत्र-सूत्राने, गीत-गीतात. तिने लगेच विचारलं, "पण शब्द संस्कृतातून तसाच आलाय हे मी ओळखू कशी? मला संस्कृत येत नाही."

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण सहज 'तत्सम शब्द अपवाद' म्हणून पुढे जातो, पण ज्याला शब्दाचं मूळ माहीत नाही त्याच्यासाठी तो नियम बंद दारासारखा आहे. मी तिला मोठी यादी दिली नाही. तिचे चार महिन्यांचे मसुदे आणि निबंध घेऊन बसले आणि त्यात तिने स्वतः वापरलेले असे शब्द काढले. तीसच्या आसपास निघाले. परीक्षा, शरीर, जीवन, सूत्र, नियुक्ती, मूल्य, पूर्ण, सूचना, असे. तेवढेच पाठ करायचे, कारण माणूस फिरून-फिरून तेच शब्द वापरतो. या यादीने जेवढं काम केलं तेवढं माझ्या कुठल्याच समजावण्याने केलं नाही.

तिसरी गोष्ट, खुणा किती करायच्या. आधी मी चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि ती दुरुस्त करायची. ते झालं की नुसतं कागदाच्या समासात आकडा, '२' म्हणजे या ओळीत दोन चुका आहेत, शोध. मग तोही बंद. आणि या नव्या पद्धतीच्या पहिल्या आठवड्यापासून एक अट, दर कागदात काही वाक्यं बरोबर असणार आणि किती ते मी सांगणार नाही. बरोबर वाक्यापुढे 'बरोबर' एवढं लिहून चालायचं नाही, का बरोबर ते सांगायचं. याचा तिला सुरुवातीला फार त्रास झाला. चूक शोधण्यापेक्षा बरोबर गोष्टीला हात न लावणं जास्त अवघड असतं, त्याला ठाम माहिती लागते.

आकडा बंद केला तेव्हा मी घाई केली. पाचव्या आठवड्यात बंद केला आणि ती दोन आठवडे चाचपडली, पुन्हा उलटं-सुलटं करायला लागली. परत आकड्यावर यावं लागलं.

एक वाक्य जवळून

विरामचिन्हं मी सातव्या आठवड्यात घेतली. तिच्याच ऑफिसच्या मसुद्यातलं एक वाक्य, तपशील बदलून:

'सदर अर्जदाराने मागील महिन्यात अर्ज दिला होता परंतू त्यासोबत कागदपत्रे जोडली नव्हती म्हणून त्यांना पत्र पाठवले ते त्यांना मिळाले नाही असे त्यांचे म्हणणे आहे व आता पुन्हा नव्याने अर्ज करावा लागेल का असे विचारत आहेत?'

तिने पहिल्या वाचनात 'परंतू' चं 'परंतु' केलं आणि कागद परत दिला. मी म्हटलं, मोठ्याने वाच. वाचताना 'नव्हती' पाशी तिचा श्वास संपला, 'पाठवले' पाशी थांबली, आणि 'ते' वर अडखळली, कारण 'पाठवले ते' हे आधी एकत्र वाचलं गेलं, जणू पाठवलेलं पत्र कुठलं हे सांगतंय. जिथे अडखळलीस तिथे पेन्सिलने टिंब दे म्हटलं. टिंबं चार झाली. मग ती टिंबं बघून तिनेच वाक्य तोडलं:

'अर्जदारांनी मागील महिन्यात अर्ज दिला होता. परंतु त्यासोबत कागदपत्रे जोडली नव्हती. म्हणून त्यांना पत्र पाठवले. ते मिळाले नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. आता नव्याने अर्ज करावा लागेल का, असे ते विचारत आहेत.'

यात किती गोष्टी निघाल्या बघा. 'अर्जदाराने' एकवचन आणि पुढे 'त्यांना', म्हणून 'अर्जदारांनी', आदराने बोलतोय तर अनुस्वार हवा. 'पुन्हा नव्याने' मधलं एक पुरे. शेवटी 'विचारत आहेत' ला कर्ता नव्हता. आणि प्रश्नचिन्ह गेलं, कारण प्रश्न अर्जदाराचा आहे, वाक्य आपलं आहे आणि ते साधं विधान आहे. चाचणीत 'तो कधी येणार' ला जे झालं तेच इथे, पण यावेळी तिला ते स्वतः सापडलं.

तोपर्यंत तिला विरामचिन्हं म्हणजे लिहून झाल्यावर वरून टाकायची वस्तू वाटायची. मी तिला सांगितलं की जुन्या मोडी कागदांत शब्दही तोडलेले नसायचे, वाचणारा सराईत असायचा, मोठ्याने वाचता-वाचता कुठे थांबायचं ते त्याला कळायचं. एकोणिसाव्या शतकात छापील मराठी पसरली तेव्हा वाचणारा अनोळखी झाला आणि लिहिणाऱ्याला थांबे दाखवून द्यावे लागले. मराठीत ही चिन्हं रूढ करण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी या इंग्रज कोशकाराला देतात. तिने विचारलं, "म्हणजे स्वल्पविराम म्हणजे वाचणाऱ्याला दिलेला थांबा?" हो, तसंच. त्यानंतर तिच्या मसुद्यांत पूर्णविराम वाढले. माझ्या मते सगळ्या १४ आठवड्यांत सगळ्यात मोठी सुधारणा ही, आणि मी ती सातव्या आठवड्यापर्यंत लांबवली याची मला खंत आहे.

दोन अवघड निर्णय

पहिला माझ्या चुकीतून आला. मी तिच्या 'ते म्हणाले की' पुढे दरवेळी स्वल्पविराम घालत होते. मला तो बरा वाटतो. तिने दोन छापील पुस्तकं आणून दाखवली, एकात आहे, एकात नाही. शिवाय तिच्या मसुद्यांतला 'सदर' हा शब्द मी बऱ्याचदा खोडायचे. तो सरकारी वळणाचा आहे, पण चूक नाही. ती म्हणाली, "मग यातलं चूक कोणतं आणि तुम्हाला आवडत नाही ते कोणतं?" मी तिच्या जुन्या कागदांवरच्या माझ्या खुणा मोजल्या तर बऱ्याच खुणा पसंतीच्या निघाल्या. तिला उगाच वाटत होतं की आपल्या हातून दर ओळीत चूक होते. तेव्हापासून चूक असेल तर पेनाने, पसंती असेल तर पेन्सिलने, आणि पेन्सिलचं ऐकायचं की नाही ते तिने ठरवायचं. जुन्या छपाईतल्या 'नांव', 'कांही', 'पांच' बद्दलही असंच झालं. ते अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले, त्या काळच्या पुस्तकात ते चूक नव्हते, आज परीक्षेत लिहिले तर चूक.

दुसरा जास्त नाजूक होता. ती 'मी गेली', 'मी त्याला बोलली' असं लिहायची. प्रमाण लेखनात 'मी गेले', 'मी त्याला म्हणाले'. मी पेनाने खूण केली, नेहमीसारखी. ती गप्प झाली आणि जाताना म्हणाली, "माझी आई असंच बोलते. ती चुकीचं बोलते का?" मला त्या क्षणी नीट उत्तर देता आलं नाही. पुढच्या भेटीत मी आधी तेच बोलले. आई तिची भाषा बोलते, पूर्ण आणि नियमांनी बांधलेली भाषा, त्या बोलीत 'मी गेली' हेच बरोबर. परीक्षेच्या कागदावर सगळ्यांनी मिळून ठरवलेलं एक रूप लागतं, तेवढंच. वहीत वेगळं पान केलं, डावीकडे 'घरी', उजवीकडे 'कागदावर'. या पानावर मात्र दोन्ही रूपं लिहायची, कारण यात चूक कुठलंच नाही. त्या पानात तिने स्वतःहून भर घातली, आईला विचारून-विचारून, आणि मला वाटतं त्यानंतर ती वही तिची झाली.

वेग गेला

आठव्या-नवव्या आठवड्यात नवीनच अडचण. चुका घटल्या, पण ४० मिनिटांत होणारा निबंध तासाभरातही होईना. प्रत्येक शब्दाला थांबायची, वेलांटी पहिली की दुसरी. वाक्याचा धागा तुटायचा आणि रचनेच्या चुका परत यायला लागल्या. तिने विचारलं की नियम सोडून देऊ का. ते नको होतं. आम्ही लिहिणं आणि दुरुस्त करणं वेगळं केलं. लिहिताना थांबायचं नाही, शंका आली तर शब्दावर बारीक टिंब देऊन पुढे जायचं. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवायची आणि तीनदा वाचायचं, एकदा नुसते पूर्णविराम आणि वाक्यं, एकदा नुसती टिंबं, एकदा नुसते तोडलेले शब्द ('च्या मुळे', 'तू च' असले). एका वाचनात एकच गोष्ट शोधायची. दोन आठवड्यांत वेळ परत जागेवर आला.

निकाल

शेवटच्या सराव निबंधात ९ चुका होत्या, साधारण तेवढ्याच शब्दांत. ६ ऱ्हस्व-दीर्घाच्या, २ विरामचिन्हांच्या, १ जोडाक्षराची. तोडलेले शब्द शून्य. पुस्तक शेवटच्या तीन आठवड्यांत परत काढलं तेव्हा तिथले गुण १८ च्या आसपासच राहिले, त्यात वाढ नाही, पण आता ती प्रत्येक उत्तराचं कारण सांगू शकत होती. परीक्षेत ती पास झाली. तिच्या यशात माझ्या पद्धतीचा वाटा किती हे मी सांगू शकत नाही, तिने कष्ट खूप घेतले. साहेबांकडून येणारे मसुदे अजूनही कधीकधी लाल होतात, पण आता तो लाल रंग बहुतेक मजकुराबद्दल असतो, असं ती म्हणते.

आता असं कुणी आलं तर

पहिल्या दिवशी वही बघणार नाही, आधी लिहून घेणार, एक पान, कुठल्याही विषयावर, आणि त्यातल्या चुका प्रकारवार मोजणार. सराव कशाचा हवा ते तिथेच कळतं. बरोबर वाक्यं पहिल्या कागदापासून मिसळणार. चुकलेलं रूप लिहायला लावणार नाही. विरामचिन्हं दुसऱ्या आठवड्यात, कारण वाक्य तुटलं की बाकीच्या निम्म्या चुका आपोआप दिसायला लागतात. समासातला आकडा सलग दोन आठवडे सगळ्या चुका सापडल्याशिवाय काढणार नाही. आणि पेन्सिल पहिल्या दिवसापासून.

एक गोष्ट मात्र आम्हाला शेवटपर्यंत जमली नाही, 'रु' आणि 'रू'. शेवटच्या निबंधातल्या त्या सहापैकी चार याच. सुरू पण सुरुवात, गुरू पण गुरुवार, रूप पण रुपये, जरूर पण दुरुस्ती, कारणं तिला सगळी माहीत आहेत, तोंडी विचारलं तर एकही चुकत नाही. मी तिचं अक्षर भिंगाखाली धरावं तसं बघितलं तेव्हा लक्षात आलं की ती दोन्ही एकाच वळणाने काढते, र ला डोक्याशी एक छोटा हुक, आणि मग तो दीर्घ झाला की ऱ्हस्व हे घाईवर अवलंबून. म्हणजे ही चूक नियमाची नसून हाताची आहे, वाक्यं दुरुस्त करून ती जाणारच नाही. सध्या ती रोज दोन ओळी नुसतं 'रु' आणि दोन ओळी नुसतं 'रू' गिरवते, पहिलीतल्या मुलांसारख्या चार रेघांच्या वहीत, आणि रविवारी मला फोटो पाठवते.